सांधा तापलाय? आधी सुई, मग औषध: आफ्रिकेतल्या जिल्हा रुग्णालयात या चुका टाळा

मलावी, झांबिया किंवा टांझानियातल्या जिल्हा रुग्णालयात सांध्यांचा वेगळा तज्ज्ञ सहसा नसतो. रुग्ण तपासतो तो क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे डॉक्टर नसलेला पण प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक आणि ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून पाहायची तपासणी) बहुधा असतात, आणि तेवढ्यावर बरंच निदान होतं. नवे डॉक्टर, आपल्याकडून गेलेलेही, नसलेल्या तपासण्यांची यादी करत बसतात आणि सांध्यातलं पाणी काढायची ट्रेमधली सुई तशीच राहते. याचा खरंच राग येतो.

मलेरिया सापडला म्हणून सांधा विसरणं

नेहमीचा प्रसंग असा. पावसाळा, दीड वर्षाचं बाळ, अंगात ताप. मलेरियाची रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह, गोळ्या देऊन आईला घरी पाठवलं. बाळ उजवा हात हलवत नाही हे आई सांगत होती, पण कपडे काढून कुणी पाहिलं नाही. ताप उतरेना, म्हणून पुढच्या फेरीत अँटिबायोटिक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं एक इंजेक्शन. आठवड्याने खांदा फुगला, सुई घातली तर पू निघाला, आणि कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) काहीच उगवलं नाही. उगवणार कसं? औषध आधीच अंगात गेलेलं.

रॅपिड टेस्ट जे प्रथिन शोधते ते मलेरिया बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. शिवाय तिथल्या कित्येक मुलांच्या रक्तात ताप नसतानाही परजीवी असतात. मलेरियाचं औषध जरूर द्या, पण तापलेल्या मुलाचा प्रत्येक सांधा हलवून बघा. खांदा आणि खुबा खोल असतात, सूज उशिरा दिसते. सुरुवातीचा एक्स-रे साफ असला तरी विश्वास ठेवू नका.

मलावीत दोन वर्षांखालच्या मुलांत खांद्यात पू होण्यामागे बऱ्याचदा नॉन-टायफॉइडल साल्मोनेला (टायफॉइड न करणारा साल्मोनेला जंतू) असतो. एकट्या क्लॉक्सासिलिनवर भागत नाही, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची जोड लागते. सिकल सेलच्या मुलातही हाच जंतू मनात धरा. सिकल सेल जास्त असलेल्या गडचिरोली-नंदुरबारला काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पाणी काढलं, पण वाया घालवलं

गुडघ्यासाठी रुग्ण उताणा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्याजवळून सुई वाटीखाली सरकवायची. मोठ्या माणसाला 18 नंबरची सुई, 20 मिलीची सिरिंज. पोविडोन आयोडीन लावून वाळेपर्यंत थांबा. इथे दोन मिनिटं वाचवणारे कल्चरमध्ये कातडीवरचे जंतू वाढवतात. कातडीलाच संसर्ग असेल तर त्यातून सुई घालू नका.

पाणी थोडंच आलं तर आधी ग्रॅम स्टेन आणि कल्चर, उरलं तर पेशी. पेशींसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए बाटली. कल्चरचं पाणी खाटेशीच रक्ताच्या कल्चर बाटलीत टाकलं तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते.

आणि प्रयोगशाळेत स्वतः जाऊन सांगा: पेशी मोजायला नेहमीचं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचं द्रावण नको, साधं सलाइन वापरा. अ‍ॅसिडने सांध्यातलं पाणी गोठतं, पेशी त्या गोळ्यात अडकतात आणि आकडा खोटा कमी येतो.

घनमिलिमीटरला 2,000 च्या आत पांढऱ्या पेशी असतील तर दाह नाही. 50,000 च्या वर गेल्या तर उलटं सिद्ध होईपर्यंत पू समजा. त्यापेक्षा कमी आकड्यानेही पू नाकारता येत नाही. मोजायची सोयच नसेल तर काचेच्या नळीतल्या पाण्याआडून छापील मजकूर वाचून बघा; वाचता आला नाही तर गाफील राहू नका.

पू निघाला की तो बाहेर काढावाच लागतो. मुलाच्या खुब्यात त्याच दिवशी शस्त्रक्रिया. आतल्या दाबाने हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो.

मेथोट्रेक्सेट रोज

ही चूक जीव घेते. आमवाताचं हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चिठ्ठीवर “4 गोळ्या” एवढंच लिहिलं की रुग्ण रोज चार घेतो. मग तोंड येतं, जुलाब लागतात, पांढऱ्या पेशी कोसळतात, आणि उतारा म्हणून लागणारं फोलिनिक अ‍ॅसिड जिल्ह्याच्या फार्मसीत बहुधा नसतं.

चिठ्ठीवर वार लिहा: “फक्त सोमवारी, 2.5 मिग्रॅच्या 4 गोळ्या, एकूण 10 मिग्रॅ”. फोलिक अ‍ॅसिड 5 मिग्रॅ शुक्रवारी, वेगळ्या पाकिटात, कारण दोन्ही गोळ्या पिवळ्या आणि बारीक असतात. महिन्याला मोजून 16 गोळ्या द्या, जास्त नाही. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी, रक्तपेशी आणि गर्भधारणा तपासा.

बाकीच्या, थोडक्यात

आरए फॅक्टर (आमवातासाठीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह म्हणजे आमवात नव्हे. क्षयरोग आणि हिपॅटायटिसमध्येही तो पॉझिटिव्ह येतो.

एचएलए-बी27 या सांधेदुखीशी जोडलेल्या जनुकाच्या तपासणीसाठी रुग्णाचे पैसे घालवू नका. सहाराच्या दक्षिणेकडे ते फार क्वचित आढळतं. त्याआधी एचआयव्ही तपासा.

संधिज्वराच्या (रूमॅटिक फीवरच्या) संशयात पहिल्याच दिवशी आयबुप्रोफेन दिलं की एका सांध्यातून दुसऱ्यात सरकणारी वेदना दिसायचीच थांबते. संधिज्वराच्या निदानाच्या 2015 च्या सुधारित जोन्स निकषांनुसार जिथे हा आजार जास्त, तिथे एकाच सांध्याची सूजही प्रमुख लक्षण धरतात. हृदय ऐका, आणि निदान ठरलं तर बेंझाथिन पेनिसिलिन दर 3 ते 4 आठवड्यांनी चालू ठेवा.

महिनोन्‌महिने एकच सुजलेला गुडघा म्हणजे क्षय आधी, स्टेरॉइडचं इंजेक्शन नंतर.

क्षयाच्या औषधांवर सांधे दुखू लागले तर त्यातलं पायराझिनामाइड लगेच बंद करू नका; बहुतेकदा वेदनाशामकावर भागतं.

एचआयव्हीचं रिटोनाव्हिर घेणाऱ्याला नेहमीच्या मात्रेत गाउटवरचं कोल्चिसिन देऊ नका. सांध्यात ट्रायम्सिनोलोन हे स्टेरॉइडही नको.

बाजारातल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडवर महिने काढलेला रुग्ण आला तर गोळी एकदम तोडू नका. पोटात स्ट्राँगिलॉइड्स हा जंत असेल तर तो स्टेरॉइडवर अंगभर पसरतो, म्हणून आयव्हरमेक्टिन किलोमागे 200 मायक्रोग्रॅम. पण कॅमेरून, गॅबन, काँगोकडचा रुग्ण असेल तर आधी दुपारचं रक्त घेऊन लोआ लोआ हा जंत बघा; तो रक्तात खूप असेल तर आयव्हरमेक्टिन धोक्याचं ठरतं.