प्रोसेसरमधल्या फटी: कोणतं अपडेट लगेच घ्यावं, कोणतं जपून

गेल्या महिन्यात मावशीचा लॅपटॉप हाती आला. इंटेलच्या आठव्या पिढीचा, सुस्थितीतला. पण विंडोज अपडेटची सर्व्हिसच कुणीतरी बंद करून ठेवलेली. मावशी म्हणाली, "अरे, रिपेअरवाल्यानेच सांगितलं, अपडेट घेतलं की मशीन स्लो होतं." मी बायोसची, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामची, तारीख पाहिली: सप्टेंबर २०१७. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोन मोठ्या फटी जगजाहीर झाल्या त्या ३ जानेवारी २०१८ ला. त्यानंतरची एकही दुरुस्ती त्या बायोसमध्ये नव्हती, आणि मावशी त्याच मशीनवर पेन्शनचं खातं उघडत होती.

अपडेट घ्यावं का, तर घ्यावंच. फक्त सगळी अपडेट्स एका जातीची नसतात, म्हणून क्रम आणि काळजी सांगतो.

फट म्हणजे नेमकं काय

टपरीवरचा चहावाला रोजचं गिऱ्हाईक लांबून दिसलं की न विचारता कटिंग भरतो. गिऱ्हाईक वळलंच नाही, तर चहा ओतून टाकतो. हिशेबात त्या चहाची नोंद नाही, पण ग्लास अजून गरम असतो. ग्लासला हात लावणाऱ्याला कळतं की इथे कुणाची तरी वाट पाहिली गेली. प्रोसेसरही वेग मिळवण्यासाठी पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतो आणि अंदाज चुकला तर ते रद्द करतो. पण त्याच्या कॅशेमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या, झटपट मेमरीत, खूण उरते. एखादी माहिती किती चटकन मिळते हे मोजून दुसरा प्रोग्राम त्या खुणेवरून पासवर्डसारखी गुपितं ओळखू शकतो.

ही चूक सिलिकॉनमध्येच असल्यामुळे ती पुसता येत नाही, तिला वळसा घालावा लागतो. तो वळसा ब्राउझर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि मायक्रोकोड (तो काय, ते पायरी ४ मध्ये) अशा तीन ठिकाणी घातला जातो. प्रकरण २०१८ मध्ये संपलंही नाही. जुलै २०२३ मध्ये एएमडी कंपनीच्या झेन २ प्रोसेसरमधली झेनब्लीड ही फट आणि ऑगस्टमध्ये इंटेलच्या सहाव्या ते अकराव्या पिढीतली डाउनफॉल उघड झाली. मावशीचा लॅपटॉप त्यातही येतो.

पायरी १: आपलं मशीन ओळखा

स्टार्ट दाबून 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा. 'प्रोसेसर' आणि 'बायोस व्हर्जन/डेट' या दोन ओळींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नंतर ताडून पाहायला तोच उपयोगी पडतो. मग महत्त्वाच्या फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या.

पायरी २: ब्राउझर, आजच

स्पेक्टरचा हल्ला वेबपानावरच्या जावास्क्रिप्टमधूनही करता येतो, म्हणून हे सगळ्यात आधी. क्रोमने २०१८ मध्ये, ६७ व्या आवृत्तीपासून, प्रत्येक साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवायला सुरुवात केली. त्यासाठी मेमरी साधारण १० ते १३ टक्के जास्त लागते, असं गूगलनेच सांगितलं होतं. मेन्यूतून 'हेल्प', मग 'अबाउट' उघडा, अपडेट होऊ द्या, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. यात थांबण्यासारखं काही नाही.

पायरी ३: विंडोज

सेटिंगमध्ये विंडोज अपडेट उघडा आणि जे आलं आहे ते घ्या. शेवटी 'रीस्टार्ट'च करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर नुसत्या शटडाउनने विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो, पूर्ण नव्याने सुरू होत नाही.

"प्रोसेसरवरचा हल्ला इतका अवघड, माझ्यावर कोण करेल?" असं मला नेहमी विचारतात. चोराला याहून सोपे दरवाजे असतात, हे खरं आहे. पण ते सोपे दरवाजेही याच मासिक अपडेटमधून बंद होतात, आणि यातलं एक घेऊन दुसरं टाळता येत नाही. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्याला अडवणारा मायक्रोसॉफ्टचा पॅच (दुरुस्ती) मार्चमध्येच येऊन पडला होता. दोन महिने होते हातात.

पायरी ४: बायोस, सवडीने आणि जपून

मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना. मशीन चालू होताना दर वेळी त्या बायोसमधून किंवा ऑपरेटिंग सिस्टिममधून नव्याने भरल्या जातात. इथे मात्र घाई नको. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टरसाठी आलेला इंटेलचा पहिलाच मायक्रोकोड मशीनं आपोआप रीस्टार्ट करू लागला आणि २२ जानेवारीला इंटेलला तो थांबवायला सांगावं लागलं. म्हणून बायोसचं नवं अपडेट आलं की मी एक-दोन आठवडे थांबतो. पण फक्त बायोसचं.

फाइल लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून, अचूक मॉडेल क्रमांक पाहून घ्या. "तुमचा प्रोसेसर धोक्यात, हा पॅच डाउनलोड करा" अशा पानांना हात लावू नका. २०१८ मध्ये जर्मनीत सरकारी संस्थेचं सोंग घेतलेल्या साइटवरून मेल्टडाउनच्या पॅचच्या नावाखाली मालवेअर वाटलं गेलं होतं.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर आधी त्याची रिकव्हरी की शोधून कागदावर लिहा, आणि अपडेटपुरतं बिटलॉकर सस्पेंड करा. बॅटरी भरलेली, चार्जर लावलेला. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हे काम करूच नका. अर्ध्यात लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आमच्या भागात गुरुवारी वीज जाते, म्हणून मावशीचं काम मी रविवारी सकाळी केलं. पडदा दोनदा काळा झाला, पंखा जोरात फिरला, मावशी घाबरून म्हणाली, "गेला की काय रे?" अशा वेळी बटणाला हात लावायचा नाही. काही मिनिटांत लोगो आला आणि बायोसची तारीख २०२३ ची दिसली.

मशीन किती हळू होतं?

थोडं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्येच सांगितलं होतं की २०१५ च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या प्रोसेसरवर फरक जास्त जाणवेल. डाउनफॉलच्या दुरुस्तीने काही विशिष्ट कामं ५० टक्क्यांपर्यंत मंदावू शकतात, असं इंटेलने मान्य केलं. पण ती जड आकडेमोडीची कामं आहेत. मेल, बँक, एक्सेल, व्हिडिओ कॉल यांत फरक कळणं कठीण. लॅपटॉप खरंच रखडत असेल, तर साध्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवा. मावशीच्या लॅपटॉपला तेच केलं.

जुनं मशीन असेल तर

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ चालत नसेल तर उबंटूसारखं लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, टाका. बायोस जुना राहिला तरी लिनक्स सुरू होताना स्वतःकडचा मायक्रोकोड भरतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'एलएससीपीयू' (lscpu) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की प्रत्येक फटीपुढे 'मिटिगेशन' (वळसा घातला आहे), 'नॉट अफेक्टेड' (फट लागूच नाही) किंवा 'व्हल्नरेबल' (फट उघडी आहे) असं लिहून येतं. काही फार जुन्या प्रोसेसरना मायक्रोकोड देणार नाही, हे इंटेलने एप्रिल २०१८ मध्येच सांगून टाकलं. तसं मशीन मुलांच्या टायपिंगला ठेवा आणि बँकेचं काम अपडेट येत असलेल्या फोनवरून करा.