कोल्हापुरी गुळातून वर्षभराच्या सणांची पेये

कोल्हापुरात सणासाठी घरी पेय करायचे ठरवले की दूध, कैरी किंवा वेलची यांच्याही आधी गुळाचा विचार करावा लागतो, आणि तो गूळ कोणत्या हंगामातला आहे हे ठाऊक नसेल तर बाकीचे साहित्य कितीही उत्तम असले तरी पेय बिघडू शकते. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची गूळपेठ वसवली आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही आपल्यापैकी अनेकजण सणाच्या दुधात मुकाट्याने साखरच घालतात. त्यामागे दूध फाटण्याची भीती असते. ती भीती खरी आहे, परंतु तिच्यावर उपाय आहे.

प्रथम गुळाचे वर्ष समजून घ्यावे. आपल्याकडील गुऱ्हाळे पावसाळा सरल्यावर पेटतात, दिवाळीच्या पाडव्याला बाजार समितीत नव्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हंगाम संपत येतो. म्हणजे आश्विन पौर्णिमेला, कोजागरीच्या रात्री, घरात असतो तो बहुधा मागच्या हंगामातला, पावसाळ्याची ओल खाल्लेला गूळ. असा गूळ पाझरतो, काळपट होतो आणि त्याचा आंबटपणा वाढतो. दुधातील प्रथिने आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की गोळा होतात. म्हणूनच गुळाचे दूध फाटण्याचे प्रसंग कोजागरीलाच अधिक येतात. एका कोजागरीला गच्चीवर चाळीस माणसे चंद्राची वाट पाहत बसलेली असताना मी उकळत्या दुधात किसलेला गूळ टाकला आणि पाहता पाहता पातेल्यातले सगळे दूध फाटले. तेव्हापासून मी पुढील रीत सोडलेली नाही.

आठ ते दहा माणसांसाठी दोन लिटर म्हशीचे दूध घ्यावे. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून मिळणारे दूध या कामाला फार चांगले, मात्र ते घरी आणून आधी नीट उकळावे. जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर, कडेची साय सतत आत मोडत ते दीड लिटरपर्यंत आटवावे. वीस बदाम, वीस पिस्ते आणि आठ वेलदोड्यांचे दाणे यांची भरड पूड करावी. पूड बारीक वाटल्यास बदामाला तेल सुटते आणि दुधावर तवंग येतो. ही पूड, चिमूटभर केशर आणि किसलेले पाव जायफळ आटलेल्या दुधात घालून आणखी पाच मिनिटे उकळावे, आणि मग आच बंद करावी.

आता गूळ. दोनशे ग्रॅम चिरलेला गूळ अर्ध्या वाटी पाण्यात केवळ विरघळेपर्यंत गरम करावा, त्याचा पाक होऊ देऊ नये, आणि तो पातळ फडक्यातून गाळून घ्यावा. कितीही स्वच्छ गूळ असला तरी फडक्यात चिपाडाचे तंतू आणि थोडी रेती उरतेच. हे गुळाचे पाणी पूर्ण निवू द्यावे. दूधही बोट सुखाने बुडवता येईल इतके कोमट झाले की गुळाचे पाणी त्यात बारीक धारेने, सतत ढवळत ओतावे. यानंतर दूध पुन्हा चुलीवर ठेवायचे नाही, हा एक नियम पाळला तर बाकीचे आपोआप जमते. ज्यांना दूध कढतच हवे असेल त्यांनी त्या रात्री साखर वापरावी. काही घरांत गुळाच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. त्याने आंबटपणा मरतो हे खरे, पण केशराचा आणि वेलचीचा वासही मंदावतो, म्हणून मला तो मार्ग पसंत नाही. शंका असल्यास आधी वाटीभर दुधात चमचाभर गुळाचे पाणी घालून पाहावे आणि पाच मिनिटे थांबावे. कण दिसू लागले तर तो गूळ बाजूला ठेवून पुरणासाठी वापरावा.

गूळ निवडताना लक्ष्मीपुरीत किंवा मार्केट यार्डात रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, तुकडा मोडून पाहण्यास संकोच करू नये. मोडलेल्या बाजूला कण चमकले पाहिजेत आणि चव खारट लागता कामा नये. फार फिकट, जवळजवळ पांढुरका पिवळा रंग पाहून भुलू नये, कारण तो रंग पुष्कळदा हायड्रॉस या रंग उजळवणाऱ्या रसायनाने आणलेला असतो. उसाचा रस काहिलीत तापत असताना रानभेंडीच्या चिकट पाण्याने त्याची मळी वर आणून काढणे ही आपली जुनी पद्धत. औषध न घालता केलेला गूळ सोनेरी तपकिरी किंवा त्याहून गडद निघतो आणि दुधाला बदामी छटा देतो. ती छटा पाहुण्यांना खटकेल असे मानण्याचे कारण नाही.

दिवाळी झाली की नव्या गुळाबरोबर काकवीही मिळू लागते. ही रसाची गुळापर्यंत न पोहोचलेली, मधासारखी दाट अवस्था असते, आणि फराळाला आलेल्या पाहुण्यांना देण्यासाठी तिच्याइतके सोपे सरबत दुसरे नाही. एका पेल्याला दोन मोठे चमचे काकवी, अर्ध्या लिंबाचा रस, अर्धा चमचा आल्याचा रस आणि चिमूटभर मीठ घ्यावे. काकवी आधी थोड्या कोमट पाण्यात मोडून मग थंड पाणी घालावे, नाहीतर ती तळाशी बसून राहते. चकली आणि चिवड्यानंतर हे सरबत चहापेक्षा अधिक रुचते. काकवी विकत घेताना तिला आंबूस वास किंवा वर फेस नाही ना, एवढे पाहावे.

संक्रांतीच्या सुमारास गुऱ्हाळावर जाणे झाले तर ताजा रसच घरी आणावा. तो स्वच्छ, झाकणाच्या किटलीत, बर्फाशिवाय आणावा आणि भरतानाच त्यात लिंबू पिळावे, कारण हवा लागली की रस लवकर काळा पडतो आणि लिंबाने ते काही वेळ लांबते. आल्याचा तुकडा उसाबरोबरच चरकात घालून घेतला तर फार उत्तम. हा रस दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिनाला कोल्हापुरात घरोघरी जिलेबी येते आणि तिच्यासोबत मठ्ठा हवाच. मठ्ठ्यात गुळाचे काम नसल्याने थोडक्यात सांगायचे तर, म्हशीच्या दुधाचे, आदल्या रात्री लावलेले गोडसर दही घुसळून त्यात दुप्पट पाणी घालावे; आले, हिरवी मिरची, जिरेपूड, मीठ, चवीपुरती साखर आणि भरपूर कोथिंबीर घालून तासभर मुरू द्यावे.

चैत्रात कपिलतीर्थ मंडईत कैऱ्या आल्या, की पन्हे. येथे गुळाच्या आंबटपणाची चिंता नसते, कारण कैरी स्वतःच आंबट असते. उलट हंगामाच्या अखेरचा गडद गूळ पन्ह्याला अधिक शोभतो. अर्धा किलो कडक, कोय धरलेल्या कैऱ्या सालीसकट कुकरमध्ये तीन शिट्ट्या देऊन उकडाव्यात, निवल्यावर साल काढून गर पिळावा आणि चाळणीवर घासून घ्यावा, म्हणजे रेषा वर राहतात. गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, वर सांगितल्याप्रमाणे अगदी थोड्या पाण्यात विरघळवून आणि गाळून, गरात मिसळावा. दीडपट गुळापासून सुरुवात करून चाखत पुढे जावे, कारण प्रत्येक झाडाच्या कैरीचा आंबटपणा वेगळा असतो. चमचाभर वेलचीपूड, अर्धा चमचा मीठ आणि दुधात नव्हे, तर पाण्यात भिजवलेले केशर घालावे. हा गर काचेच्या बरणीत, शीतकपाटात आठवडाभर चांगला राहतो. देताना एका भागाला तीन ते चार भाग थंड पाणी घालावे. वरील मापात पंधरा-सोळा पेले होतात.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याच्या डाळीबरोबर पन्हे देताना शोभेसाठी ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात काढून ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा. कैरीच्या आंबटाने ही भांडी कळकतात आणि पन्ह्याला धातूची चव येते. स्टीलचे पातेले किंवा पाण्यात आधी मुरवलेला मातीचा माठ घ्यावा, आणि माठात पन्हे केवळ कार्यक्रमापुरतेच, दोन-तीन तास, ठेवावे.