गावच्या वाचनालयात मेन्युहिन ऐकवायचे असतील तर

‘जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांचा जन्म 22 एप्रिल 1916 रोजी न्यूयॉर्क येथे झाला’ अशी सुरुवात केलीत, तर मागची रांग तंबाखू मळायला बाहेर जाणार. कुडाळ-वेंगुर्ल्याकडे मी असे श्रवणाचे कार्यक्रम करत आलोय, म्हणून सांगतो. सनावळी नंतर. आधी त्यांनी वाजवलेला तिलंग राग लावा.

‘वेस्ट मीट्स ईस्ट’ ही 1967 ची तबकडी. रविशंकरांची सतार, अल्लारखांचा तबला आणि मेन्युहिनचं व्हायोलिन. त्यातली ‘स्वर काकली’ तिलंगात आहे. रे आणि ध वर्ज्य, चढताना शुद्ध नी, उतरताना कोमल. हे आमच्या भजनी मंडळींना समजवावं लागत नाही. एक म्हातारे बुवा ऐकता ऐकता मांडीवर थाप मारून म्हणाले, “अरे, ह्यो तर तिलंग! ह्या गोऱ्याक कोणी शिकवल्यान?” झालं. आता गोष्ट सांगायला घ्या.

1952 मध्ये नेहरूंच्या निमंत्रणावरून मेन्युहिन भारतात आले. शरीर आखडलेलं, दमलेलं. मुंबईत योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार भेटले. भेट ठरली होती पाच मिनिटांची, चालली कितीतरी जास्त. पुढे मेन्युहिननी त्यांना युरोपात बोलावलं, ‘माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन-गुरूंना’ असं कोरलेलं घड्याळ दिलं. इथे घाई करू नका, अय्यंगार सगळ्यांना ठाऊक असतात. आणि 1982 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासमोर शीर्षासनात उभं राहून बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात मेन्युहिननी पायांनी कंडक्ट केली, हे सांगितल्यावर पोरं मोबाइल खाली ठेवतात.

जागा कौलारू बघा. पत्र्याखाली पावसाची सर आली की व्हायोलिन गेलंच. दिवस निवडा गणपती गेल्यावर, भात कापणीला येण्याआधीचे. पितृपक्षात लग्नकार्यं नसतात, माणसं मोकळी असतात. जत्रा सुरू झाल्या की दशावतारापुढे तुम्हाला कोण विचारतो? स्पीकर चार्जिंगचाच न्या, लाईटचा भरवसा नको.

आता बालपण. 1929 मध्ये, तेरावं पुरं व्हायच्या आत, बर्लिनला एका संध्याकाळी बाख, बेथोवन आणि ब्राम्स या तिघा संगीतकारांचे कन्चेर्तो, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीने एका वाद्याच्या रचना, वाजवले. पण ऐकवायचं ते 1932 चं ध्वनिमुद्रण, इंग्रज संगीतकार एल्गार यांच्या व्हायोलिन कन्चेर्तोचं. पंच्याहत्तरीचे एल्गार स्वतः ऑर्केस्ट्रापुढे उभे, व्हायोलिनवर सोळा वर्षांचा मुलगा. पूर्ण लावू नका, पाऊण तासाच्या वर जातं. तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे व्हायोलिन जवळजवळ एकटंच बोलायला लागतं आणि मागे तंतुवाद्यांच्या तारा बोटांनी हलकेच थरथरवल्या जातात, तेवढंच लावा. आवाज वाढवा, नाहीतर ती थरथर जुन्या ध्वनिमुद्रणाच्या खरखरीत हरवते.

कंडक्टर काय करतो, हे विचारणारा भेटतोच. त्याला डबलबारीची, दोन बुवांच्या भजनी सामन्याची, आठवण द्या. बुवा पेटी वाजवतात, गातात, आणि नुसत्या नजरेने पखवाजाला उचलायला लावतात, कोरसला थांबवतात. बाथ फेस्टिव्हल ऑर्केस्ट्राबरोबर बाखचे ब्रँडेनबर्ग कन्चेर्तो करताना मेन्युहिन असेच स्वतः व्हायोलिन वाजवत सगळ्यांना सांभाळत. उतारवयात हात पूर्वीसारखा राहिला नाही तशी कंडक्टिंगची कामं वाढली, आणि मार्च 1999 मध्ये बर्लिनला वारले तेही दौऱ्यावर असतानाच. 1963 मध्ये इंग्लंडमध्ये काढलेल्या त्यांच्या शाळेचा उल्लेख एका वाक्यात पुरे.

एक विषय मात्र शेवटाला ठेवा. 1945 मध्ये बर्गन-बेल्झनच्या छळछावणीतून सुटलेल्यांसाठी वाजवणारा हा ज्यू माणूस 1947 मध्ये बर्लिनला जाऊन फुर्टवेंगलरबरोबर वाजवतो. नाझी राजवटीत जर्मनीतच राहिलेला कंडक्टर. स्वतःच्या समाजाचा रोष त्यांनी ओढवून घेतला. बरोबर केलं की चूक? माझ्या मते बरोबर, पण ते आधी बोलू नका. हा प्रश्न टाकला की वाद लागतोच, आणि आमच्याकडे वाद लागला की कोण कोणाचं ऐकतो. तेव्हा त्याआधी बाखचा शेवटचा तुकडा वाजवून घ्या आणि चहा सांगून ठेवा.