पवित्र गोष्ट घडताना पाहायची असेल तर

धर्माचं समाजशास्त्र हा पेपर घेतला की घरचे आणि मित्र हमखास विचारतात, "मग तू देव मानतेस की नाही?" एम.ए.ला येणाऱ्या नव्या मुलामुलींना माझं पहिलं सांगणं असं की या वादात पडू नका. देव आहे की नाही, हा निकाल आपल्या विषयाला द्यायचा नसतो. माणसं एकत्र येऊन एखादी वस्तू, जागा किंवा दिवस बाकीच्यांपासून वेगळा कसा काढतात, तो वेगळेपणा कसा सांभाळतात, हे आपल्याला बघायचं असतं. मी आधी सिद्धांत वाचले आणि मग क्षेत्रकार्याला गेले. तुम्ही उलट करा, असं मी सुचवेन.

सुरुवातीला पेणला जा. गणपतीच्या कारखान्यात परवानगी काढून दिवसभर बसा. शाडू मळणं, साच्यातून मूर्ती काढणं, हात-सोंड जोडणं, रंग, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. मूर्तींच्या रांगांमध्येच कामगार डबा उघडून जेवतात. गिऱ्हाईक उंची विचारतं, भाव विचारतं. मग चतुर्थीला एखाद्या घरी थांबा. मूर्ती आणताना तिच्या तोंडावर रुमाल असतो. प्राणप्रतिष्ठा झाली की तीच मूर्ती कोणी उगाच हलवत नाही. पुष्कळ घरांत तेवढे दिवस दाराला कुलूपही लावत नाहीत, गणपती एकटा राहील म्हणून. उत्तरपूजा होते, मूर्ती जागेवरून थोडी सरकवतात, आणि मग ती पाण्यात सोडता येते. माती सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच असते.

वहीत नेमकं हेच टिपा: कोणी हात लावला, कधी लावला, त्याआधी काय केलं, आवाज कुठे खाली आले, चपला कुठे निघाल्या. मुलाखतीत माणसं श्रद्धेबद्दल ठरीव उत्तरं देतात. हातांच्या हालचालींतून मात्र नियम दिसतात, आणि पवित्रता या नियमांवरच उभी असते. फक्त पूजेच्या वेळी हजर राहिलात तर अर्धीच गोष्ट हाती लागेल. पूजेआधीची आणि नंतरची नोंद हवीच.

एवढं पाहिल्यावर फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खिम उघडा. 1912 साली आलेल्या धर्मावरच्या त्याच्या ग्रंथात मध्य ऑस्ट्रेलियातल्या अरुंटा लोकांच्या चुरिंगांचं वर्णन आहे. हे लाकडाचे किंवा दगडाचे तुकडे. बायकांनी आणि दीक्षा न झालेल्या मुलांनी त्यांच्या जवळही जायचं नाही. दुर्खिम म्हणतो, इतर लाकडा-दगडांपेक्षा त्यांत वेगळं एवढंच की त्यांवर गणाचं, म्हणजे कुळाचं, चिन्ह कोरलेलं असतं. गण एकत्र जमतो, नाचतो, अंगात उधाण येतं, आणि त्या वेळी जाणवलेली शक्ती माणसं त्या चिन्हात पाहू लागतात. वारीतलं रिंगण पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दुर्खिम स्वतः ऑस्ट्रेलियाला गेला नव्हता, त्याची मदार तिथे अभ्यास केलेल्या स्पेन्सर आणि गिलन यांच्या नोंदींवर होती, हेही लक्षात असू द्या.

माझा त्याच्याशी वाद एका ठिकाणी आहे. 'समाज' असं तो म्हणतो तेव्हा सगळे जणू एकाच मनाचे वाटतात. प्रत्यक्षात पवित्र जागेभोवती कुंपण असतं आणि ते कोणीतरी घातलेलं असतं. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावं लागलं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीला चालत गेल्या, तेव्हा एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा बायका वेगवेगळ्या जेवतात हे त्यांनी लिहून ठेवलं. भजन एकत्र आणि पंगत वेगळी! म्हणून आत कोण आहे हे लिहिताना बाहेर कोणाला थांबवलं, हेही लिहा. हा प्रश्न विचारायचा राहिला तर आपला अभ्यास नुसतं उत्सवाचं वर्णन होऊन बसतो.

आणि 6 डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जाच. माझ्या मते हा विषय शिकायला महाराष्ट्रात याहून मोठी जागा नाही. धर्म म्हणजे देवावरची श्रद्धा, ही व्याख्या दुर्खिमने बाजूला सारली ती बौद्ध धर्माचा दाखला देऊन. इथे तो मुद्दा डोळ्यांसमोर उभा राहतो. बाबासाहेबांवर 7 डिसेंबर 1956 रोजी इथे अंत्यसंस्कार झाले. त्याआधी दोन महिनेही झाले नव्हते, नागपूरला लाखोंनी त्यांच्याबरोबर धम्मदीक्षा घेऊन जुने देव पूजणार नाही अशी प्रतिज्ञा केली होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना देवळाबाहेर ठेवलं, त्यांनी स्वतःची पवित्र जागा उभी केली. पांढरे कपडे, निळे झेंडे, विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं, आणि शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल. लोक इथून पुस्तकं घेऊन घरी जातात. हा खरेदीचा भाग म्हणून वगळू नका, तो विधीइतकाच महत्त्वाचा आहे.

तिथे रांगेत उभ्या माणसाला थांबवून प्रश्नावली पुढे करू नका. आधी दर्शन होऊ द्या. फोटो विचारून काढा, रडणाऱ्या माणसाचा तर काढूच नका. मुक्कामाच्या मंडपात संध्याकाळी लोक निवांत असतात, गावाबद्दल आणि प्रवासाबद्दल आपणहून बोलतात. पहिला प्रश्न एवढाच पुरतो: तुमच्या घरातून इथे सगळ्यात आधी कोण आलं होतं?