चिनार बघायला निघताय? आधी गाडीतलं पाणी बघा

काश्मीरची पानगळ बघायची तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य हे दिवस उत्तम. इंदूरहून कॅम्पर (राहण्याची सोय असलेली गाडी) काढताना पोहे-जिरावणाची तयारी चोख असते, रेडिएटरकडे मात्र कुणी बघत नाही. त्यात नळाचं पाणी ओतून इथे वर्षभर भागतं. सोनमर्गला रात्री पारा शून्याखाली गेला की तेच पाणी गोठतं, सुमारे 9 टक्के फुगतं आणि रेडिएटर किंवा थेट इंजिनचा ब्लॉक तडकतो.

म्हणून निघण्याआधी, इंजिन पूर्ण गार असताना, जुनं पाणी काढा आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारा, पाणी गोठू न देणारा द्रव) व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. उणे 35 अंशांपर्यंत काळजी नाही. जास्त चांगलं म्हणून नुसतं कूलंट ओतू नका; ते या मिश्रणाच्या कितीतरी आधी गोठतं. डब्यावर ‘रेडी टू यूज’ असेल तर मात्र पाणी अजिबात घालायचं नाही.

मुक्कामी पोचलात की कॅम्परचा पंप बंद करून नळ उघडे ठेवा, नळ्या रिकाम्या होऊ द्या. प्यायचं पाणी कॅनमध्ये, आत. सकाळी वायपरखालच्या जाळीत अडकलेली चिनाराची पानं हातानेच उपसा. ती कुजून निचरा तुंबला की पाणी ब्लोअरमधून पायाशी येतं.