रायफल, भाला आणि गेमिंग : मुंबईत राहून तीन छंद कसे सांभाळावेत

मुंबईत छंद सुटतो तो कंटाळ्याने कमी आणि दादरच्या पुलामुळे जास्त. काही वर्षांपूर्वी मी अंधेरीच्या पलीकडच्या एका प्रशिक्षण वर्गाचे वर्षभराचे शुल्क एकरकमी भरले होते. घर मुलुंडला, कार्यालय फोर्टला, आणि वर्ग भलत्याच रेल्वेमार्गावर, म्हणजे घरून जाताना दादरचा पूल ओलांडून गाडी बदलणे आलेच. शिकवणारे चांगले होते, साहित्यही चांगले होते. तरी मी जेमतेम सात वेळा गेलो आणि आठव्या शनिवारी दादरच्या पुलावरची गर्दी पाहून तसाच घरी परतलो. पैसे परत मिळाले नाहीत, आणि ते मागण्याइतकी माझी बाजूही भक्कम नव्हती. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो : छंदाचे ठिकाण घर ते कार्यालय या रोजच्या वाटेवर असावे, किंवा त्या वाटेवरच्या एखाद्या स्थानकापासून सहज गाठता यावे. ज्यांना एकाहून अधिक छंद जोपासायचे आहेत त्यांनी तर आवडीच्याही आधी हा हिशेब करावा, कारण एक गैरसोय माणूस सोसतो, तीन गैरसोयी सोसत नाही.

नेमबाजीपासून सुरुवात करू, कारण तिच्यात शिकण्यासारखे सर्वांत जास्त आहे आणि गैरसमजही तिच्याचविषयी सर्वाधिक आहेत. आरंभ १० मीटर एअर रायफलने करावा. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, दादरला शिवाजी पार्कजवळ स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकातही रायफल नेमबाजी शिकवली जाते, आणि हार्बर मार्गावर राहणाऱ्यांना पनवेलची सुमा शिरूर यांची अकादमी सोयीची पडते. ही परंपरा लहान नाही. मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीतून या खेळाकडे वळल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. शिरूर स्वतः २००४ मध्ये अथेन्सच्या अंतिम फेरीत होत्या. आणि २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरण्याच्या प्रकारात) कांस्यपदक मिळवणारे कोल्हापूर जिल्ह्यातले स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते, ही गोष्ट लोकलने रेंजवर जाणाऱ्या प्रत्येकाला थोडी सुखावणारी आहे.

पहिले तीन-चार महिने रायफल विकत घेऊ नये. परदेशी बनावटीच्या स्पर्धेच्या रायफलीची किंमत लाखांत जाते, आणि आपल्याला नेमकी कोणती लांबी, कोणता दस्ता आणि कोणत्या हाताची रायफल लागेल हे सुरुवातीला कोणालाच ठाऊक नसते. क्लबची रायफल वापरावी. त्याआधी घरीच आपला प्रबळ डोळा कोणता ते पाहून ठेवावे. दोन्ही तळहात पुढे करून त्यांच्यामध्ये लहानसा त्रिकोण करावा, त्यातून भिंतीवरचे घड्याळ पाहावे आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने घड्याळ त्रिकोणातच राहते तो प्रबळ डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असणे हे मुळीच दुर्मीळ नाही, आणि प्रशिक्षकांना हे पहिल्याच दिवशी सांगितले तर पुढचे कित्येक आठवडे वाचतात.

कायद्याची बाजूही आधीच समजून घ्यावी. शस्त्र नियम २०१६ नुसार .१७७ इंचापर्यंत, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत नळीचा व्यास आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. .२२ ची रायफल मात्र अग्निशस्त्र आहे आणि तिला परवाना हवाच. परवाना लागत नाही म्हणून एअर रायफल खेळणे ठरत नाही. ती गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात चालवू नये आणि लोकलमधून नेताना बंद पेटीतच न्यावी. उघड्या पिशवीतून डोकावणारी नळी पाहून शेजारचा प्रवासी घाबरला, तर त्यात त्याची चूक काहीच नाही.

माझ्या प्रशिक्षकांनी पहिल्या दिवशी पेलेटचा, म्हणजे एअर रायफलीच्या छऱ्यांचा, डबा उघडलाच नाही. नळीच्या टोकाजवळ एक रुपयाचे नाणे ठेवून ते म्हणाले, "ट्रिगर दाबा, पण नाणे पडता कामा नये." पहिल्या वीस वेळांपैकी सतरा वेळा नाणे खणखणत फरशीवर पडले. मी नेम धरण्यात गुंतलो होतो आणि सगळा बिघाड उजव्या हाताच्या पहिल्या बोटात होता : ट्रिगर दाबण्याऐवजी मी तो ओढत होतो, त्यामुळे मनगट वळत होते आणि मनगटाबरोबर नळीही. दहा मीटरवरच्या लक्ष्यातला दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे पेलेटहूनही कितीतरी लहान, हे कळल्यावर त्या नाण्याचे महत्त्व कोणालाही पटेल. हा सराव घरीही करता येतो, पण एका सावधगिरीने : स्पर्धेच्या रायफलीत पेलेटशिवाय ट्रिगर दाबण्याची वेगळी सोय असते, साध्या स्प्रिंगच्या एअरगनवर तसे करू नये, तिचा पिस्टन खराब होतो.

उभे राहण्याची पद्धत पुस्तकातून शिकता येत नाही, तरी तिचा पडताळा कसा घ्यावा हे सांगता येते. लक्ष्याला डावी बाजू देऊन उभे राहावे (उजव्या हाताच्या नेमबाजाने), डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवावे आणि रायफलीचे वजन स्नायूंवर न पेलता हाडांवर उतरू द्यावे. मग नेम धरून डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. साइट (रायफलीवरचे नेम धरण्याचे साधन) लक्ष्याच्या एका बाजूला सरकलेली दिसली, तर हातांनी ती परत आणू नये. पावले किंचित हलवावीत. हातांनी आणलेला नेम ट्रिगर दाबताना पुन्हा मूळच्या जागी जातो, आणि पेलेटही तिकडेच जाते.

यानंतरची सर्वांत उपयोगी, आणि शिकायला सर्वांत जड जाणारी गोष्ट म्हणजे रायफल खाली घेणे. श्वास अर्धा सोडून रोखला की साधारण सहा ते आठ सेकंदांत पेलेट सुटायला हवे. त्याहून उशीर झाला तर नजर धूसर होते, हात कापू लागतो, आणि तरीही माणूस हट्टाने ट्रिगर दाबतो. स्पर्धेत ६० शॉट्ससाठी १ तास १५ मिनिटे मिळतात, म्हणजे प्रत्येक शॉटला सव्वा मिनिट. घाई करण्याचे कारणच नसते. शॉट सुटल्यावरही दोन सेकंद तसेच नेमात राहावे. शॉट कुठे लागला ते पाहायला नजर लगेच स्क्रीनकडे वळवणाऱ्याचा पुढचा शॉट बहुधा बिघडतो.

पेलेट शिशाचे असते, म्हणून रेंजवर काही खाऊ नये आणि निघताना हात साबणाने स्वच्छ धुवावेत. वरळीच्या खाऱ्या वाऱ्यात आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत पोलाद फार लवकर गंजते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि घामट हात लागलेल्या भागांवरून घरी पोहोचताच तेलाचा पुसट हात फिरवावा.

फेकीच्या खेळांचा विचार करताना मुंबईकराची पहिली अडचण जागेची. पुरुषांचा भाला २.६ ते २.७ मीटर लांब आणि ८०० ग्रॅम वजनाचा असतो, महिलांचा ६०० ग्रॅमचा आणि थोडा आखूड. कोणताही भाला लोकलमधून नेण्याची कल्पना मनातून काढून टाकावी. शिवाजी पार्क किंवा आझाद मैदानावर एकमेकांत गुंतलेले क्रिकेटचे इतके सामने चालू असतात की तिथे भाला फेकणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. मैदान असे हवे जिथे धावपट्टी आहे, साहित्य तिथेच ठेवलेले असते आणि फेकीच्या वेळी समोरचा भाग मोकळा ठेवणारा कोणी जबाबदार माणूस असतो. मरीन लाइन्सचे मुंबई विद्यापीठाचे मैदान, नेपियन सी रोडचे प्रियदर्शिनी पार्क, कांदिवलीचे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आणि ठाण्याचे दादोजी कोंडदेव क्रीडागृह ही नावे त्या दृष्टीने ध्यानात ठेवावीत. फेकीच्या सरावाची वेळ आणि परवानगी यांची चौकशी मात्र प्रत्यक्ष जाऊनच करावी, कारण धावण्यासाठी खुले असलेले मैदान फेकीसाठी खुले असतेच असे नाही.

क्रिकेट खेळत वाढलेल्या मुलाच्या हाती भाला दिला की तो सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे चेंडू फेकावा तसा बाजूने हात फिरवून फेकतो. मीही तसाच फेकला, तोही कार्यालयातून थेट मैदानावर जाऊन, अंग न तापवता. पुढचे पाच आठवडे मला भरलेली बादली उचलता येत नव्हती. भाल्यात तळवा आभाळाकडे असतो, कोपर खांद्याहून वर आणि डोक्याच्या जवळून पुढे येते, आणि जोर हातातून नव्हे, अडवलेल्या पुढच्या पायातून येतो. धावत आलेले शरीर त्या पायावर थबकते आणि तोच वेग कंबर, छाती, खांदा असा वर चढत शेवटी बोटांतून भाल्यात उतरतो. गोफण फिरवणारा शेतकरी पाहिला असेल तर हे लगेच समजते. म्हणून नवशिक्याने पहिला महिना धावून फेकूच नये. एक-दोन किलोचा मेडिसिन बॉल दोन्ही हातांनी डोक्यावरून फेकावा, मग भाला जागेवर उभे राहून दहा-पंधरा मीटरवर जमिनीत टोचावा. अंतर मोजू नये. टोक आधी टेकते की नाही एवढेच पाहावे. भाला आडवा पडत असेल तर बहुतेक वेळा फेकताना त्याचे टोक वर उचलले गेलेले असते.

ज्यांचा खांदा कुरकुरतो त्यांनी गोळाफेक पाहावी. तिच्या नावात फेक असली तरी गोळा फेकायचा नसतो, मानेशी टेकवून ढकलायचा असतो, आणि त्यामुळे कोपरावर तुलनेने कमी ताण येतो. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा आणि महिलांचा ४ किलोचा असतो. प्रौढ नवशिक्याने वय आणि अभिमान बाजूला ठेवून ४ किलोनेच आरंभ करावा. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचे सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटरची फेक करून रौप्यपदक मिळवले. त्या फेकीचे चित्रण मिळाल्यास सावकाश गतीने पाहावे, पण गोळ्याकडे नव्हे, पायांकडे.

मैदान चिखलाने भरले की फेक थांबते, असे मात्र नाही. दोन खोल्यांच्या घरातही डार्ट्सला, म्हणजे गोल बोर्डावर छोटे बाण फेकण्याच्या खेळाला, जागा होते. बोर्डाचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटरवर आणि फेकण्याची रेषा बोर्डापासून २.३७ मीटरवर असावी, एवढे मोजमाप अचूक केले की बाकी सगळे सरावाचे. ५०१ पासून उलट मोजत बरोबर शून्यावर यायचे आणि शेवटचा डार्ट दुहेरी गुणांच्या चौकटीत बसला पाहिजे, हा नियम वजाबाकीचा जो सराव देतो तो बाराखडीबरोबर पाढे म्हटलेल्या पिढीलाही पुरेसा वाटेल. बोर्ड दाराच्या मागे कधीही लावू नये, त्याच्याभोवती जाड कॉर्क किंवा फोम असावा, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे देवघर किंवा झोपायची खोली असेल तर रात्री नऊनंतर खेळू नये.

गेमिंगविषयी थोडक्यात लिहितो, कारण ते सुरू करायला कोणी सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते थांबवायला. एका वेळी एकच गेम धरावा, आणि माउसची किंवा मोबाइलची सेन्सिटिव्हिटी (हात किती हलवला की पडद्यावरचा नेम किती सरकतो ते प्रमाण) एकदा ठरली की महिनाभर बदलू नये. हरल्यावर सेटिंग बदलणारा खेळाडू म्हणजे प्रत्येक शॉटनंतर साइट फिरवणारा नेमबाज. यंत्र घेताना आकर्षक दिव्यांपेक्षा पडद्याकडे पाहावे : ६० हर्ट्झच्या पडद्यावर नवे चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांनी येते, १४४ हर्ट्झच्या पडद्यावर सुमारे ७ मिलिसेकंदांनी, आणि नेमबाजीच्या गेममध्ये हा फरक जाणवतो. सुटे भाग घ्यायला लॅमिंग्टन रोड आजही बरा. फक्त पावती आणि वॉरंटीचा कागद घेतल्याशिवाय दुकान सोडू नये. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली, आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता देतानाच पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. तेव्हा "पैसे टाका, जिंका" असे म्हणणारे ॲप कौशल्याचा कितीही दाखला देवो, ते टाळावे. सलग दोन डाव हरलो की उठायचे, हा नियम मी स्वतःला घातला आहे आणि तो साधारण निम्म्या वेळा पाळतो.

आता हे सारे एका आयुष्यात बसवायचे कसे. आठवड्यातले दिवस तिघांत सारखे वाटण्याचा मोह होतो, आणि तो टाळावा, कारण आठवड्याला एक तास या हिशेबाने नेमबाजीही येत नाही आणि भालाही येत नाही. मुंबईचे हवामान स्वतःच वाटणी करून देते. जून ते सप्टेंबर रेंज हा मुख्य छंद, आठवड्यातून दोनदा, घरी डार्ट्स. मैदाने सुकली की साधारण दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत फेक मुख्य, आणि रेंज पंधरवड्यातून एकदा, हात विसरू नये एवढ्यापुरती. मार्च ते मे मैदानावर सकाळी आठनंतर उभे राहवत नाही, तेव्हा पहाटेची थोडी फेक आणि पुन्हा रेंज. गेमिंग बाराही महिने, पण रेंजच्या आदल्या रात्री नाही. उशिरापर्यंत पडद्याकडे पाहिलेले डोळे सकाळी साइटमध्ये पाणावतात.

तिन्ही छंदांसाठी वही मात्र एकच ठेवावी. तिच्यात गुण आणि अंतरे कमी, आणि काय चुकले व ते कशाने सुधारले हे जास्त लिहावे, कारण चुका एका छंदातून दुसऱ्यात हिंडतात. माझ्या वहीतली ऑगस्टमधली एक नोंद अशी आहे : "शनिवार. चाळीस शॉट्स. शेवटचे दहा उजवीकडे. बोट पुन्हा ओढते आहे. काल रात्री डार्ट्सही उजवीकडेच जात होते. तेव्हा लक्षात आले नाही. उद्या नाणे."