दुरडी की झाकणाचा डबा? भेटीचा डबा करायचा कसा आणि विकायचा कसा

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्या लातूर-धाराशिवकडची माणसं शेतात जेवायला जातात तेव्हा भज्जी, उंडे, खीर सगळं दुरडीतून डोक्यावर जातं, वर स्वच्छ फडकं. लग्नात झालीच्या विधीला बांबूची टोपली लागते, तुळजापूरच्या आईची परडी तर घरोघरी पूजली जाते. त्यामुळे भेट द्यायची म्हटलं की हात आपोआप टोपलीकडे जातो. पण झाकणाची भेटसुद्धा आपल्याला नवी नाही. कुंकवाचा करंडा, पानाचा डबा, दागिन्यांची पेटी ही सगळी झाकणाचीच घराणी आहेत.

मी टोपल्याही सजवते आणि डबेही बनवते. दोन्ही करून झाल्यावर एक गोष्ट पक्की कळली. टोपली लांबूनच सगळं सांगून टाकते, डबा मात्र उघडेपर्यंत गप्प असतो. डबा कसा बनवायचा, आत काय आधी दिसायला हवं, फोटो कसा काढायचा, हे सगळं या एका फरकातून निघतं.

आधी वस्तू बघा, मग डबा की टोपली ते ठरवा

ताजी फळं द्यायची असतील तर टोपलीच घ्या. जालन्याची मोसंबी किंवा आपला केशर आंबा तोडल्यावरही श्वास घेत असतो. झाकणाच्या बंद डब्यात तो ओल सोडतो, पुठ्ठा मऊ पडतो आणि दोन दिवसांत आतून वास यायला लागतो. आंब्याला डबाच हवा असा कुणी हट्ट धरला तर बाजूंना बोटभर भोकं पाडा आणि खाली पेंढा घाला. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ तर पिकलं की नुसत्या हाताळण्यानेही फुटतं. ते कच्चं असतानाच, एकेका खणात एक असं बसवून द्यावं आणि कधी पिकेल ते चिठ्ठीवर लिहावं.

सुकामेवा, पेढे, चटण्या, डाळी, साडी, चांदीची वाटी, बिदरीची डबी अशा वस्तूंना डबा चांगला. या वस्तू आकाराने छोट्या आणि किमतीने मोठ्या असतात. टोपलीत त्या हरवतात आणि मग टोपली भरलेली दिसावी म्हणून आपण खाली कागदाचे बोळे कोंबतो. घेणाऱ्याने ते बोळे उपसले की त्याचा चेहरा पडतो. मी हे समोर बसून पाहिलं आहे, तेव्हापासून खालून पोकळ टोपली भरायची नाही असं ठरवलं.

प्रवासही बघा. भेट गावातल्या गावात हातात द्यायची असेल तर टोपली छान. पुण्याला ट्रॅव्हल्सने किंवा कुरिअरने जायची असेल तर हिशेब बदलतो. बहुतेक कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, आणि ते आकारमानाचं वजन व खरं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. ३० × २५ × १० सेंमीचा डबा १.५ किलो भरतो. तेवढाच माल ठेवलेली, वर पारदर्शक कागदाचा शेंडा बांधलेली ३५ × ३५ × ४० सेंमीची टोपली भरते ९.८ किलो! भागाकाराचा आकडा कंपनीगणिक थोडा बदलतो, तो आधी विचारून घ्या. शिवाय डब्यावर डबा रचता येतो, टोपलीवर टोपली नाही. दिवाळीत टेम्पोत एका खेपेला किती नग बसतात यावरच तुमचा नफा ठरतो.

माप काढणं

पट्टी नंतर हातात घ्या. आधी टेबलावर कोरा कागद अंथरा आणि सगळ्या वस्तू त्यावर मांडून बघा. सर्वांत देखणी वस्तू मधोमध किंवा डाव्या वरच्या कोपऱ्यात, जड वस्तू मध्याजवळ, बाटली असेल तर आडवी. मांडणी मनासारखी झाली की भोवती पेन्सिलने चौकट काढा आणि चारही बाजूंनी साधारण एक सेंमी जागा सोडा. सर्वांत उंच वस्तूच्या वर अर्धा सेंमी, ती झाली डब्याची उंची. तयार डबा आणून त्यात वस्तू बसवायला गेलात की नेहमी एक वस्तू उरते आणि एक कोपरा रिकामा राहतो.

समजा आतलं माप २५ × २० × ७ सेंमी आलं. हाताने करायचं असेल तर १.५ मिमी जाडीचा कप्पा बोर्ड, म्हणजे कडक करडा पुठ्ठा, घ्या. माल दोन किलोच्या वर असेल तर २ मिमीचा. तळासाठी ३९ × ३४ सेंमीचा तुकडा कापा, चारही कोपऱ्यांतून ७ सेंमीचे चौकोन काढून टाका. दुमडायच्या रेषेवर बाहेरच्या बाजूने अर्ध्या जाडीपर्यंत कटर फिरवा, भिंती उभ्या करा आणि कोपरे कागदी चिकटपट्टीने बांधा.

झाकणाचं माप काढताना चूक होते, आणि ती महाग पडते. झाकणाच्या आतलं माप तळाच्या बाहेरच्या मापापेक्षा दोन-अडीच मिमी जास्त हवं. तळाचं बाहेरचं माप म्हणजे २५ सेंमी, अधिक दोन्ही बाजूंच्या पुठ्ठ्याची जाडी, अधिक वर चिकटवलेला कागद, सगळं मिळून साधारण २५.३५ सेंमी. म्हणून झाकण आतून २५.६ × २०.६. उंची ३ सेंमी धरली तर तुकडा ३१.६ × २६.६ चा. याहून घट्ट केलंत तर आतली हवा निघत नाही आणि घरातली म्हातारी माणसं झाकणाशी झटापट करत बसतात. झाकण खोल ठेवायचं असेल तर दोन समोरासमोरच्या कडांना अंगठा जाईल एवढी अर्धगोल खाच द्या.

आणि सैल केलंत तर काय होतं ते माझ्या पहिल्याच मोठ्या ऑर्डरला झालं. डोहाळजेवणाचे डबे होते, प्रत्येकात डिंकाचे लाडू. मी पाच मिमी जागा सोडली होती. एका पाहुण्याबाईंनी डबा झाकणाला धरून उचलला, तळ खाली राहिला आणि लाडू सतरंजीवर घरंगळत गेले. त्या बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, चूक मात्र माझी होती. आता दीड किलोच्या वरच्या प्रत्येक डब्याला मी फीत बांधते ती तळाखालून घेऊन. नुसतं झाकणावर चिकटवलेलं फितीचं फुलपाखरू शोभेचं असतं, भार घेत नाही.

कागद चढवणं

१२० ते १५० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) कागद घ्या, कडा आत वळवायला दीड सेंमी जास्त ठेवा. फेविकॉल थोडं पाणी घालून पातळ करा आणि पुठ्ठ्याला न लावता कागदाला लावा. मग मिनिटभर थांबा, कागद ताणून घेतो. लगेच चिकटवला की नंतर फुगे येतात. बसवल्यावर मऊ फडक्याने मधून कडेकडे चोळा.

कागद ओला असताना पसरतो आणि वाळताना आखडतो. एकाच बाजूला चिकटवला की तो पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो, झाकण नावेसारखं वाकतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तर हमखास. उपाय एकच, आतूनही कागद लावा, आणि दोन्ही कागदांची धार, म्हणजे तंतूंची दिशा, एकच ठेवा. धार ओळखायची तर कागद हलका वाकवून बघा, ज्या रेषेवर सहज दुमडतो ती रेष म्हणजे धार. रात्रभर सपाट फळीखाली, वर वजन ठेवून वाळू द्या. पंख्याखाली घाईने वाळवलेली झाकणं मी फेकून दिली आहेत.

खायचं काही असेल तर आत बटर पेपर किंवा खाद्यपदार्थांसाठीचा लेप असलेला कागद हवाच. कुंथलगिरीच्या पेढ्याला तूप सुटतं, दुसऱ्या दिवशी तळावर डाग उमटतो. वर्तमानपत्राचा कागद खाण्याच्या वस्तूला कधीही लावू नका, शाईतला अंश त्यात उतरतो.

सजावटीबद्दल माझं मत ठाम आहे. सोनेरी ठिपके आणि प्लास्टिकची फुलं दिल्ली-मुंबईचा घाऊक माल घेऊन कुणीही लावतं. आपल्याकडे पैठणीच्या काठाची नारळी आहे, आसावलीची वेल आहे, संभाजीनगरचं हिमरू आहे. साध्या मातकट कागदाच्या झाकणावर एका कडेने चार बोटं हिमरूची पट्टी लावली तर डबा हातात घेणारा तिच्यावरून बोट फिरवतोच.

आतली मांडणी: आधी काय दिसेल?

झाकण निघाल्यावर पहिल्या क्षणी एकच वस्तू डोळ्यात भरावी. वर पातळ कागदाची घडी, त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी, घडी उलगडली की मुख्य वस्तू. बाकीच्या तिच्या आजूबाजूला थोड्या खोल. पुठ्ठ्याचे खण केलेत तर भरावाची कागदी कातरण कमी लागते. मग झाकण लावून डबा तिरका करा, कानाशी धरून हलवा. खडखडला तर खण घट्ट करायला हवा. शेवटी एक नमुना कमरेच्या उंचीवरून सोडून बघा. जीव थोडा वरखाली होतो, पण हे घरी झालेलं बरं.

लग्नसराई एप्रिल-मेची असते, पारा चाळिशी पार करतो. त्या दिवसांत चॉकलेट घेऊच नका, ग्राहकाने मागितलं तरी समजावून सांगा. खजूर, चिक्की, सुकामेवा, शेंगदाण्याची चटणी यांतलं काहीही टिकतं.

टोपली निवडली असेल तर

मी ज्यांच्याकडून दुरड्या घेते त्या बुरूड मामांना एकदा विचारलं, "मामा, हिला झाकण बसंल का?" ते म्हणाले, "बसतंय की. पण झाकायचं कशाला बाई, दुरडी उघडीच शोभती." मला ते पटलं. दुरडी घ्यायची तर तिची वीण दिसू द्या, कापडाने गुंडाळून लपवू नका. आणि थेट विणणाऱ्याकडून घ्या, माप सांगून विणून मिळते. भरण्याआधी दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवा. बांबूतल्या पिठूळपणावर भुंगा येतो आणि ओलसर राहिली तर बुरशी धरते.

किंमत आणि कायदा

हिशेब कागदावरच करा. समजा आतला माल ४५० रुपये, डबा ९०, कातरण-फीत-चिठ्ठी २५, मजुरी ४०, बाहेरचा खोका आणि तुटफूट २०. झाले ६२५. स्वतःची मजुरी लिहायला बायका विसरतात, ती लिहाच. यावर नफा धरून ८०० च्या आसपास सांगता येतं. शंभर नगांच्या पुढे पंचिंगची डाय (पुठ्ठा एका दाबात कापायचा साचा) करून घेतली की डबा स्वस्त पडतो, सूट तिथून द्या. मालातून काढून देऊ नका.

बंद डबा विकताना त्यावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, आत काय आणि किती, एमआरपी, तयार केल्याचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क हे लागतं. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी. जीएसटीत असाल तर हे लक्षात ठेवा: वेगवेगळ्या करदरांच्या वस्तू एकत्र करून एकाच किमतीला विकल्या की साधारणपणे त्यांतला सर्वांत जास्त दर सगळ्या डब्याला लागतो. जास्त करदराची एखादी किरकोळ वस्तू आत टाकण्यापूर्वी तुमच्या सीएंना विचारा. भौगोलिक मानांकनाचा (जीआय, त्या भागाचाच खास माल असल्याचा) शिक्काही नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यालाच वापरता येतो. मोसंबी जालन्याची असेल तर जालन्याची म्हणा, शिक्का मनाने छापू नका.

विकायचं कसं

टोपलीचा समोरून एक फोटो काढला की काम होतं. बंद डब्याचा फोटो म्हणजे नुसती चौकट, त्यावर कुणी थांबत नाही. तीन फोटो हवेत: बंद, झाकण अर्धं उचललेलं, आणि वरून पूर्ण उघडा. सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ. त्याहून चांगला दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ, ज्यात दोन हात झाकण काढतात आणि घडी उलगडतात. गाणं नको, कागदाचा आवाज येऊ द्या. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला असा व्हिडिओ टाकला की "केवढ्याला?" असे निरोप येतात.

मोठ्या ऑर्डरी कंपन्या, बियाणेवाले, पतसंस्था, क्लासेस, डॉक्टर यांच्याकडून येतात. वाळूज, शेंद्रा, जालना, नांदेड कुठेही जा, महालक्ष्म्या झाल्या की दिवाळीचं ठरायला लागतं. दसऱ्यानंतर गेलात तर उशीर झाला. फोटो दाखवत बसू नका, खरा भरलेला डबा साहेबांच्या टेबलावर ठेवा आणि उघडायचं त्यांच्यावर सोडा. तोवर काही बोलू नका. होकार आला की निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि पोचवायची तारीख लिहून घ्या.

कंपनी म्हणेल, लोगो झाकणावर मोठा हवा. त्यांना समजावा: लोगोचा डबा भेट संपली की रद्दीत जातो, देखणा कोरा डबा कपाटात राहतो. लोगो कागदी पट्टीवर छापून डब्याभोवती चढवा, किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला लहानसा द्या. बहुतेकांना हे पटतं.

तुमचं नाव आणि फोन नंबर मात्र डब्याच्या बुडाला, छोट्या अक्षरांत. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, काहीतरी घालूनच देतात. म्हणून चांगला डबा एका घरात थांबत नाही. मागच्या संक्रांतीला शेजारच्या वहिनींनी तिळाचे लाडू पाठवले. डबा उलटा करून पाहिला तर बुडाला माझाच नंबर. कडा थोड्या घासल्या होत्या, झाकण अजून नीट बसत होतं.